जॉन स्पर्लिंग आणि युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नफ्यावर चालणाऱ्या अमेरिकन विद्यापीठांबद्दल लिहिलं की हे प्रश्न हटकून येतात. काही अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे असतात, काही इथल्या पालकांचे, आणि बरेचसे "तो माणूस चांगला होता की वाईट ते एकदा सांगून टाका" अशा धर्तीचे. म्हणून सगळे एका जागी घेतलेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे नंबर दिलाय.

१. हे जॉन स्पर्लिंग नक्की कोण?

युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सचे संस्थापक. जन्म १९२१ चा, मिसुरी राज्यातल्या ओझार्क डोंगराळ भागातल्या अतिशय गरीब घरातला, आणि मृत्यू ऑगस्ट २०१४ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी. लहानपणी वाचता येत नव्हतं, शिकण्यात अडचण होती जिला तेव्हा कोणी नावही देत नव्हतं, शाळा संपली तरी अक्षरओळख जेमतेम. मग व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून लागले आणि खरं शिक्षण तिथे सुरू झालं, कारण जहाजावरचे बरेच सोबती डाव्या विचारांचे होते, पुस्तकं वाचायचे, त्यावर रात्र रात्र वाद घालायचे. तिथून ओरेगनमधलं रीड कॉलेज, मग बर्कली, मग थेट केंब्रिजला डॉक्टरेट. विषय आर्थिक इतिहास. अठराव्या शतकातल्या साऊथ सी कंपनीवर, म्हणजे १७२० मध्ये ज्या कंपनीच्या शेअरचा फुगा फुटून इंग्लंडभर लोक बुडाले तिच्यावर, त्यांचा अभ्यासग्रंथ १९६२ मध्ये छापून आला होता. पुढे त्यांच्याच कंपनीच्या शेअरचं जे झालं ते वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा, शेअर बाजार माणसांना काय करायला लावतो हे त्यांना पुस्तकातून तरी नक्की ठाऊक होतं.

२. इतिहासाचा प्राध्यापक धंद्यात कसा काय आला?

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेटमध्ये ते शिकवायचे आणि प्राध्यापकांच्या युनियनचे पुढारी होते. १९६८ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या संपाला पाठिंबा म्हणून त्यांनी आपल्याकडेही संप पुकारला, तो फसला आणि सहकाऱ्यांमधलं त्यांचं वजन गेलं. त्यानंतर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी अनुदानातून एक प्रकल्प हाती आला, बालगुन्हेगारीशी रोज संबंध येणाऱ्या पोलिसांना आणि शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचा. दिवसभर ड्युटी करून आलेली ही मोठी माणसं वर्गात जीव ओतून शिकतायत हे त्यांनी पाहिलं, आणि त्यांना पुढे डिग्री हवी होती पण कुठल्याच कॉलेजची वेळ त्यांना जमत नव्हती. स्वतःच्या विद्यापीठाने ही कल्पना नाकारली. मग साठवलेले २६ हजार डॉलर घालून १९७३ च्या सुमारास स्वतःची संस्था काढली जी दुसऱ्या कॉलेजांसाठी असे कोर्स चालवायची. कॅलिफोर्नियातल्या मान्यता देणाऱ्या मंडळींशी कडाक्याचं वाजलं, त्यांना हा प्रकार दर्जाहीन वाटत होता. शेवटी १९७६ मध्ये ॲरिझोनात जाऊन युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स सुरू केली आणि १९७८ मध्ये तिकडच्या विभागीय संस्थेकडून मान्यताही मिळवली. पन्नाशी ओलांडल्यावर सुरू केलेला उद्योग आहे हा सगळा.

३. फॉर-प्रॉफिट म्हणजे काय? हार्वर्डपण प्रायव्हेटच आहे ना?

हार्वर्ड प्रायव्हेट आहे पण नफ्यासाठी नाही. शिल्लक उरली तर ती संस्थेतच राहते, तिला मालक नाही आणि शेअरहोल्डर नाहीत. फिनिक्स मात्र कायद्यानेच कंपनीच्या मालकीची, मूळ कंपनीचं नाव अपोलो ग्रुप, आणि डिसेंबर १९९४ पासून तिचे शेअर बाजारात विकत मिळायला लागले. म्हणजे दर तिमाहीला किती नवीन विद्यार्थी आले हा आकडा जाहीर होणार, आणि तो कमी भरला की शेअर पडणार. बाकी बहुतेक सगळ्या भानगडी या एका गोष्टीतून निघाल्यात असं माझं ठाम मत आहे, त्याबद्दल प्रश्न ६ आणि ७ मध्ये सविस्तर.

४. त्यांच्या शिकवण्यात वेगळं काय होतं?

आज ऐकायला साधं वाटेल, तेव्हा हे क्रांतिकारक होतं. एका वेळी एकच विषय, पाच-सहा आठवड्यांत संपवायचा. आठवड्यातून एकदा संध्याकाळी चार तासांचा वर्ग, शिवाय विद्यार्थ्यांच्या छोट्या गटाने वेगळं भेटून अभ्यास करायचा. शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक जवळजवळ नाहीत, अकाउंट्स शिकवणारा दिवसा खरोखर अकाउंटंट असायचा. अभ्यासक्रम केंद्रात बनणार आणि सगळीकडे तोच शिकवणार. इमारती भाड्याच्या, हायवेजवळ, पार्किंग भरपूर, कारण ऑफिसमधून परस्पर गाडीने येणाऱ्याला तेच लागतं. आणि १९८९ मध्ये, वर्ल्ड वाईड वेब लोकांपर्यंत पोचायच्याही आधी, मोडेमवरून ऑनलाईन डिग्री सुरू केली. योगायोग असा की त्याच १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. नोकरी करणाऱ्यापर्यंत शिक्षण न्यायचं हा हेतू दोन्हीकडे तोच, पण आपल्याकडे "ज्ञानगंगा घरोघरी" सरकारने नेली आणि तिकडे कंपनीने.

५. त्यांनी चांगलं नेमकं काय केलं? नुसतं "संमिश्र वारसा" म्हणून सोडू नका.

नाही सोडत. अमेरिकन कॉलेज म्हणजे अठरा वर्षांचा मुलगा, होस्टेल, हिरवळ, चार वर्षं, असं जे चित्र होतं ते खऱ्या लोकसंख्येशी जुळत नव्हतं, आणि पस्तिशीतली दोन मुलं असलेली नर्स किंवा डिग्री नाही म्हणून प्रमोशन अडलेला सुपरवायझर यांना कोणी विचारतच नव्हतं. स्पर्लिंगनी त्यांना विचारलं. वर्ग संध्याकाळी ठेवला, ॲडमिशन वर्षभर चालू ठेवली, आधीच्या कॉलेजातले क्रेडिट आणि कामाचा अनुभव धरला, फॉर्म भरायला माणूस दिला आणि फोन केला तर उत्तर मिळायची सोय केली. जी विद्यापीठं त्यांना नाकं मुरडत होती त्यांनीच पुढे संध्याकाळचे वर्ग, कमी मुदतीचे कोर्स, ऑनलाईन एमबीए हे सगळं उचललं. अनेक कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या लोकांना घराण्यातली पहिली डिग्री इथून मिळाली, आणि ज्यांनी ती नोकरी सांभाळत, बऱ्याचदा कंपनीकडून फी घेऊन पूर्ण केली त्यांचं आयुष्य खरंच वर गेलं. हे खोटं नाही आणि पुढची उत्तरं वाचताना ते पुसलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

६. पण मग पैसा कुठून यायचा? गरीब विद्यार्थी इतकी फी कशी भरायचे?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा लांब लिहितो.

अमेरिकेत विद्यार्थ्याला केंद्र सरकार अनुदान आणि कर्ज देतं. अनुदान म्हणजे पेल ग्रँट, परत करायचं नाही. कर्ज परत करायचं. कॉलेजला मान्यता असेल तर हा पैसा कॉलेजच्या खात्यात जातो आणि कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर चढतं. आता कॉलेजच्या बाजूने बघा. विद्यार्थी आला, पहिली टर्म बसला, पैसे जमा झाले. तो शिकला की नाही, त्याला नोकरी लागली की नाही, त्याने कर्ज फेडलं की नाही, याने कॉलेजच्या खिशातून काही जात नाही, फार तर कर्ज बुडवणाऱ्यांचं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर सरकारी यादीतून नाव जायची भीती. म्हणजे धोका पूर्ण विद्यार्थ्याचा आणि करदात्याचा, कमाई कॉलेजची.

यावर लगाम म्हणून नियम होते. १९९२ मध्ये कायदा झाला की किती ॲडमिशन आणल्या यावरून भरती करणाऱ्यांना कमिशन द्यायचं नाही. आणि नफ्यातल्या कॉलेजांसाठी असा नियम की उत्पन्नाचा काही भाग तरी सरकारी विद्यार्थी-मदतीच्या बाहेरून आला पाहिजे, आधी १५ टक्के होता, १९९८ मध्ये तो १० टक्क्यांवर आणला. यात एक मोठी फट होती. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा सरकारी पैसा "बाहेरचा" म्हणून धरला जायचा, त्यामुळे एक सैनिक भरती केला की त्याच्या पैशाच्या जोरावर आणखी नऊ पट सरकारी कर्ज उचलायला जागा व्हायची, आणि म्हणूनच ही कॉलेजं सैनिकांच्या मागे इतकी लागायची. ही फट बंद करणारा कायदा २०२१ मध्ये झाला. ऑनलाईनबाबतही आधी असं होतं की निम्म्याहून जास्त शिक्षण दूरस्थ असेल तर सरकारी मदत नाही, ती अट २००६ मध्ये उठली आणि दरवाजे सताड उघडले.

अपोलोच्या उत्पन्नात या सरकारी पैशाचा वाटा भरभराटीच्या काळात ८० टक्क्यांच्या वर गेला होता. खुल्या बाजारातला यशस्वी उद्योजक असं स्पर्लिंगचं कौतुक कोणी करायला लागलं की मी हा आकडा पुढे ठेवतो.

७. बिघडायला कधी सुरुवात झाली?

एक तारीख नाही सांगता येणार, पण वळण दिसतं. सुरुवातीला वय साधारण २३ च्या वर आणि नोकरीचा अनुभव हवा अशी अट होती, आणि ती अट या मॉडेलचा कणा होती, कारण शिस्त, अनुभव आणि थोडाफार पैसा असलेला माणूसच पाच आठवड्यांत एक विषय संपवू शकतो. पण अशा माणसांची संख्या मर्यादित आणि बाजाराला वाढ अमर्याद हवी. २००४ नंतर असोसिएट डिग्रीसाठी, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीसाठी, पहिल्यांदाच कॉलेजला येणारे, अनुभव नसलेले, अभ्यासात कच्चे विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर घ्यायला सुरुवात झाली. तीच घाई, तेवढीच मदत, पण विद्यार्थी पूर्ण वेगळा. २०१० मध्ये संख्या ४ लाख ७० हजारांच्या आसपास पोचली आणि गळतीही त्याच प्रमाणात.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनेही नोंदवायला हवी. २०१० च्या अखेरीस विद्यापीठाने नवख्यांसाठी तीन आठवड्यांचा फुकट ओळखवर्ग सक्तीचा केला, झेपत नसेल तर कर्ज न चढता बाहेर पडता यावं म्हणून. चांगला निर्णय होता. त्यानंतर ॲडमिशन धाडकन खाली आल्या, २०१२ मध्ये ११५ केंद्रं बंद करायची घोषणा झाली. आधी काय प्रकारची भरती चालली होती याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

८. कोर्टात किंवा सरकारसमोर काय काय झालं?

क्रमाने सांगतो. २००४ मध्ये शिक्षण खात्याच्या तपासणी अहवालात आलं की भरती करणाऱ्यांचा पगार ॲडमिशनच्या संख्येशी बांधलेला होता आणि त्यांच्यावर प्रचंड दबाव होता, अपोलोने ९८ लाख डॉलर भरून ते मिटवलं. हा अहवाल शेअरहोल्डरांपासून लपवला म्हणून वेगळा खटला झाला, तो २०११ मध्ये १४.५ कोटी डॉलरला मिटला. दोन माजी भरती कर्मचाऱ्यांनी सरकारच्या वतीने केलेला खटला २००९ मध्ये वकिलांची फी धरून ७.८५ कोटी डॉलरला संपला. २०१३ मध्ये मान्यता देणाऱ्या संस्थेने दोन वर्षं लक्ष ठेवायच्या यादीत टाकलं, कारण विद्यापीठ मूळ कंपनीपासून पुरेसं स्वतंत्र नाही असं त्यांचं म्हणणं होतं. २०१५ मध्ये संरक्षण खात्याने सैनिकी तळांवरची भरती थांबवली, काही महिन्यांत ती बंदी उठली. आणि २०१९ मध्ये ग्राहक-संरक्षण पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनशी १९.१ कोटी डॉलरची तडजोड झाली, कारण मायक्रोसॉफ्ट, ट्विटर, याहू अशा कंपन्यांशी आमचं जुळलेलं आहे, तिथे नोकरीच्या संधी आहेत, असा भास जाहिरातींतून निर्माण केला असा आरोप होता.

यातली मोठी प्रकरणं तडजोडीने मिटली आणि कंपनीने चूक मान्य केली नाही, त्यामुळे "कोर्टात गुन्हा सिद्ध झाला" असं लिहू नका, लोक सर्रास तसं फॉरवर्ड करतात. स्पर्लिंगवर फौजदारी गुन्हा सिद्ध झालेला नाही. ते आयते सुटले असा याचा अर्थ मी काढत नाही, प्रश्न ११ पाहा.

९. फक्त १६ टक्के विद्यार्थी पास व्हायचे हे खरं का?

१६ टक्क्यांच्या आसपासचा आकडा २००७ च्या सुमारास खूप गाजला आणि तो सरकारी पद्धतीने काढलेलाच होता. पण त्या पद्धतीत फक्त आयुष्यात पहिल्यांदाच कॉलेजला आलेले, पूर्णवेळ विद्यार्थी धरतात. फिनिक्सचे बहुतेक विद्यार्थी दुसरीकडून अर्धवट सोडून आलेले, ते त्यात मोजलेच जात नव्हते. त्यामुळे "शंभरातले सोळाच पास" हे वाक्य चूक. पण कंपनीने या तांत्रिक मुद्द्याआड फार लपून घेतलं. नवख्या विद्यार्थ्याचं तिथे काय होतं हे तो आकडा बरोबर सांगत होता, आणि नेमक्या त्याच नवख्यांना त्या काळात लाखांनी भरती केलं जात होतं.

१०. अमेरिकेत सगळ्यात जास्त शैक्षणिक कर्ज फिनिक्सच्या विद्यार्थ्यांवर आहे असं वाचलं.

२०१४ पर्यंतचा हिशेब पाहिला तर होय. २०१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार तिथल्या आजी-माजी विद्यार्थ्यांवर मिळून ३५ अब्ज डॉलरहून जास्त केंद्रीय कर्ज होतं, कुठल्याही एका संस्थेपेक्षा जास्त. २००० साली त्या यादीत सगळ्यात वर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी होती. आता संस्था प्रचंड मोठी म्हणून एकूण आकडा मोठा हे खरं, पण न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकून कर्ज काढणारा डॉक्टर-वकील होतो आणि फेडतो. इथे अर्ध्यात सोडलेल्यांकडे डिग्री नाही, पगारवाढ नाही, आणि कर्ज मात्र आहे, जे अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली तरी सहसा सुटत नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त राग याच माणसांच्या बाजूने येतो.

११. स्पर्लिंग स्वतः किती जबाबदार? ते तर म्हातारे झाले होते, मॅनेजरांनी केलं असेल.

ही पळवाट मला पटत नाही. बाजारात विकलेल्या अपोलोच्या शेअरना मताचा अधिकारच नव्हता. मत असलेले शेअर वेगळ्या वर्गातले, आणि त्यांची सूत्रं जॉन आणि त्यांचा मुलगा पीटर यांच्या हातात. बाहेरच्या कोणालाही त्यांना हटवता आलं नसतं आणि त्यांना मात्र कोणालाही हटवता आलं असतं. २०१२ च्या अखेरीपर्यंत ते अध्यक्षपदी होते, निवृत्त होताना ५० लाख डॉलरचा बोनस आणि तहहयात पेन्शन घेतलं. भरतीचा दबाव, नवख्यांची लाट, तडजोडी, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. त्यांना लोकांना फसवायचंच होतं असं मी म्हणत नाही, त्यांचा नोकरदार विद्यार्थ्यावरचा विश्वास खरा होता. पण प्रस्थापित विद्यापीठांशी आणि मान्यता देणाऱ्यांशी तीस वर्षं भांडून भांडून त्यांची अशी धारणा झाली होती की टीका करणारा प्रत्येक जण जुन्या व्यवस्थेचा राखणदार आहे, आणि मग खरी टीकाही त्यांना ऐकू येईना. ही जबाबदारी त्यांचीच.

१२. म्हणजे ट्रम्प युनिव्हर्सिटीसारखं बोगस?

नाही. ट्रम्प युनिव्हर्सिटीला मान्यता नव्हती, ती डिग्री देत नव्हती, ते सेमिनार होते आणि ते प्रकरण २०१६ मध्ये अडीच कोटी डॉलरला मिटलं. फिनिक्सला १९७८ पासून विभागीय मान्यता आहे, डिग्री खरी आहे. कोरिंथियन (२०१५) आणि आयटीटी टेक (२०१६) या नफ्यावर चालणाऱ्या दुसऱ्या कॉलेजांसारखी ती बंदही पडली नाही.

१३. विद्यापीठाच्या नावाचं फुटबॉल स्टेडियम कसं होतं?

जाहिरात होती ती. २००६ मध्ये ॲरिझोनातल्या ग्लेनडेलच्या स्टेडियमला नाव देण्यासाठी २० वर्षांचे १५.४५ कोटी डॉलर कबूल केले, विद्यापीठाची स्वतःची फुटबॉल टीम नसताना. दोन सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे वर्षाचे अंतिम सामने, तिथे झाले, २००८ आणि २०१५. करार मुदतीआधी संपला आणि २०१८ पासून नाव बदललं. हा पैसा मुळात कुठून आला ते प्रश्न ६ मध्ये आहे.

१४. कुत्र्याचं क्लोनिंग करायला पैसे दिले ते हेच का? आणि महाराष्ट्राशी काही संबंध?

हेच. जवळच्या मैत्रिणीची मिसी नावाची कुत्री होती, तिची हुबेहूब प्रत हवी म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी टेक्सास ए अँड एमला २३ लाख डॉलर दिले. कुत्रा जमला नाही पण डिसेंबर २००१ मध्ये तिथे जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं, नाव सीसी, आणि गंमत म्हणजे ज्या मांजरीची ती प्रत होती तिचे ठिपके वेगळे आणि हिचे वेगळे, कारण मांजरीचा रंग नुसत्या जनुकांवर ठरत नाही. ती १८ वर्षं जगली. पाळीव प्राणी क्लोन करून विकायची कंपनी मात्र २००६ मध्ये बंद झाली.

दीर्घायुष्यावरचं क्लिनिक काढलं, गांजा आणि अमली पदार्थांच्या कायद्यात सुधारणा व्हावी म्हणून ॲरिझोना-कॅलिफोर्नियातल्या १९९६ च्या जनमतांना जॉर्ज सोरोस वगैरेंबरोबर पैसा दिला, कॅन्सरच्या दुखण्यात त्यांनी स्वतः गांजा वापरला होता आणि ते उघड सांगायचे.

महाराष्ट्राशी धागा आहे तो शेतीतून. खारट जमिनीत तगणारी आणि कमी नत्रात येणारी पिकं तयार करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया बायोसायन्सेस या कंपनीत त्यांचा पैसा होता, आणि या कंपनीने आपल्या जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीबरोबर हे तंत्र वापरायचे करार केले होते.

१५. अपोलो ग्रुप म्हणजे अपोलो हॉस्पिटलवाले का? की टायरवाले?

दोन्ही नाहीत, त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट, २०१७ मध्ये ज्या गुंतवणूकदारांनी ही कंपनी विकत घेतली त्यातल्या एकाचं नाव अपोलो ग्लोबल मॅनेजमेंट, तीही आधीची वेगळीच कंपनी. नावं फक्त जुळली.

१६. ते भारतात आले होते का?

कंपनी आली होती, विद्यापीठ म्हणून नाही. २०११ च्या शेवटी अपोलोच्या परदेशी शाखेने एचटी मीडियाबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत कंपनी काढली आणि दिल्लीच्या बाजूला ब्रिज स्कूल ऑफ मॅनेजमेंट सुरू झालं, नोकरदारांसाठीच. फार वाढलं नाही. त्याच परदेशी शाखेने २००९ मध्ये इंग्लंडचं बीपीपी विकत घेतलं होतं, तिकडे लॉ किंवा अकाउंट्स केलेल्यांना ते नाव ओळखीचं असेल.

१७. आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांपेक्षा वेगळं काय आहे यात?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. कायद्याने बघाल तर भारतात विद्यापीठ नफ्यासाठी काढताच येत नाही, ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी लागते, आणि सुप्रीम कोर्टाने २००२ च्या टी.एम.ए. पै निकालात वाजवी शिल्लक चालेल पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी नाही असं म्हटलंय. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि १९८७ मध्येच कॅपिटेशन फीविरोधात कायदा करायची वेळ आली, यावरून काय ते समजा.

फरक असा की आपल्याकडे जागा कमी आणि मागणी जास्त म्हणून डोनेशन, तिकडे जागा कितीही आणि कर्ज सरकारी म्हणून भरती. आपल्याकडे पैसा बापाच्या खिशातून किंवा शेत विकून येतो, तिकडे मुलाच्या पुढच्या वीस वर्षांच्या पगारातून. आणि अपोलोचे सगळे आकडे, पगार, जाहिरातखर्च, तडजोडी जाहीर कागदपत्रांत आहेत म्हणून आपण आज एवढं लिहू शकतो. ट्रस्टच्या नावाखाली चाललेल्या संस्थेबद्दल इतकं तपशीलवार कधीच लिहिता येत नाही. त्यामुळे "ना-नफा म्हणजे चांगलं, नफा म्हणजे वाईट" असं मी म्हणत नाही. पैसे कोण देतं, बुडाले तर कोणाचे बुडतात आणि हिशेब कोणाला दिसतो, हे तीन प्रश्न मी दोन्हीकडे विचारतो.

१८. आता मालक कोण?

२०१७ मध्ये गुंतवणूकदारांच्या गटाने सुमारे १.१ अब्ज डॉलरला घेतली आणि शेअर बाजारातून काढली. २०२३ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहो ५५ कोटी डॉलरला घेणार असं जाहीर झालं, तिथल्या विधिमंडळात आणि कोर्टात विरोध झाला आणि २०२५ मध्ये तो व्यवहार मोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनी फिनिक्स एज्युकेशन पार्टनर्स नावाने परत शेअर बाजारात आली. प्रश्न ३ मध्ये तिमाही आकड्याबद्दल लिहिलंय ते आता पुन्हा लागू.

१९. मी एच-४ वर आहे, ऑनलाईन डिग्री करू का? भारतात चालेल का?

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या किंवा मुलांच्या व्हिसावर, शिकायला परवानगी आहे, पण सरकारी शैक्षणिक कर्ज आणि अनुदान त्या व्हिसावर मिळत नाही, पूर्ण फी खिशातून जाईल. भारतातून एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जाऊन पूर्ण ऑनलाईन शिकायचा विचार असेल तर तो सोडा, एफ-१ ला एका टर्ममध्ये साधारण एकच ऑनलाईन विषय धरतात. भारतात परत येऊन सरकारी नोकरी, पीएचडी किंवा पुढची ॲडमिशन हवी असेल तर परदेशी पदवीची समकक्षता लागते आणि ऑनलाईन पदवीला तिथे अडचण येऊ शकते. पैसे भरायच्या आधी लेखी विचारा, नंतर नाही. शिवाय जवळच्या कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची, फी एकदा शेजारी ठेवून बघा, माझं मत विचाराल तर सुरुवात तिथूनच करा.

२०. माझ्या दिराने २०१३ मध्ये तिथे ॲडमिशन घेतली होती, अर्ध्यात सोडली. २०१९ च्या तडजोडीत त्याचं कर्ज माफ झालं का?

बहुधा नाही, आणि इथे खूप जणांचा गैरसमज आहे. १९.१ कोटींतले १४.१ कोटी डॉलर ही विद्यापीठाला थेट देणं असलेली थकबाकी होती, ती माफ झाली, उरलेले ५ कोटी रोख परताव्यासाठी. सरकारकडून घेतलेलं कर्ज त्यात आलंच नाही. सरकारी कर्जासाठी वेगळा मार्ग आहे, कॉलेजने दिशाभूल केली म्हणून शिक्षण खात्याकडे माफीचा अर्ज करायचा. त्या मार्गाने २०२३ मध्ये १,२०० हून जास्त जणांचं मिळून सुमारे ३.७ कोटी डॉलर कर्ज माफ झालं, सप्टेंबर २०१२ च्या उत्तरार्धापासून २०१४ च्या अखेरीपर्यंत ॲडमिशन घेतलेल्यांचं, ज्यांनी अर्ज केले होते आणि ज्यांनी त्या नोकरीच्या जाहिरातींवर विसंबून प्रवेश घेतला होता. तुमचे दीर त्या काळातले आहेत, म्हणून अर्ज केला नसेल तर आता काय नियम आहेत ते शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-मदत विभागाकडे विचारायला सांगा. जुने ईमेल, भरती करणाऱ्याने काय सांगितलं त्याच्या नोंदी, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, जे असेल ते जोडा. अर्जाला फी नाही, आणि "माफी मिळवून देतो" म्हणून पैसे मागणारे फोन आले तर ठेवून द्या.